सात मैलांचा संसार

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या वेक्सलीचे नगराध्यक्ष श्री. ग्लेन मॅकऑस्लन, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आपल्या पाद्री रेव्हरंड मारिआन फ्रीसन, शेजारच्या मूळनिवासी क्री वस्तीतून अगत्यानं आलेली पाहुणे मंडळी, आजचे सत्कारमूर्ती श्री. ऑर्विल आणि सौ. डोरीन ओस्ट्रेम, त्यांची कन्या टॅमी, सभागृहात दाटीवाटीनं बसलेले आणि मागे दाराशी कोट न काढताच उभे राहिलेले माझे सर्व गावकरी बंधू-भगिनी,

आपणा सर्वांना नेटी डायचुकचा सविनय नमस्कार.

अध्यक्षांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "नेटी, थोडक्यात आटप." सस्कॅचवानात मार्च महिन्यातल्या थंडीला कुणी "आता थोडक्यात आटप" म्हणालं, तर तो ऐकतो का? तरी मी प्रयत्न करते. मागच्या टेबलावर माझ्या बटाटा भरलेल्या पिरोगी गार होताहेत, आणि त्यांची काळजी तुमच्यापेक्षा मला जास्त आहे.

ऑर्विल आणि डोरीन उद्या गाव सोडून शहरात राहायला निघाले आहेत. ओस्ट्रेम घराणं आणि जुनं नॉर्डाल ही दोन नावं आपण आजवर वेगळी उच्चारली नाहीत. उद्यापासून तिथं ओस्ट्रेम नसेल. हे का घडलं, यावर गावात बरीच चर्चा झाली आहे. कुणी म्हणालं, शेती परवडली नसेल. कुणी म्हणालं, मुलीनं हट्ट धरला असेल. म्हणून मी डोरीनला विचारलं, "अगं, खरं काय ते सांगू का सभेत?" ती म्हणाली, "सांगून टाक. नाहीतर लोक जेवताना माझ्या मूत्रपिंडांवरच बोलत बसतील." तेव्हा तिच्या परवानगीनं सांगते. पण त्यासाठी मला ऑर्विलच्या आजी-आजोबांपासून सुरुवात करावी लागेल. अध्यक्ष महाराज, घड्याळाकडे पाहू नका.

हाल्वोर आणि सिग्ने ओस्ट्रेम नॉर्वेहून या माळावर आले, तेव्हा वेक्सली नव्हतं. इथून सात मैल उत्तरेला काही घरं, एक चर्च, एक लोहारशाळा एवढंच नॉर्डाल गाव उभं राहत होतं. हाल्वोरनं तिथं किराणा दुकान काढलं. दुकानाच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत संसार मांडला. त्यांना एक मुलगी होती, इंगा. चार वर्षांची असताना एका हिवाळ्यात ती घटसर्पानं गेली. जमीन अशी गोठली होती, की तिच्यावर रात्रंदिवस शेकोटी पेटती ठेवावी लागली, तेव्हा कुठे कुदळ आत शिरली. नॉर्डालच्या दफनभूमीतली ती पहिली कबर.

त्यानंतर दोन वर्षांनी रेल्वे आली, पण नॉर्डालला नाही. रूळ पडले सात मैल दक्षिणेला, इथं. रेल्वेच्या कुठल्याशा साहेबानं स्टेशनला वेक्सली नाव दिलं. हा वेक्सली कोण होता, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. बहुधा त्या साहेबाचा जावई असावा. रेल्वे नाही म्हणजे धान्य जाणार कसं, माल येणार कसा? नॉर्डालच्या लोकांनी ठरवलं, गावच उचलायचं. फेब्रुवारीत बर्फ घट्ट झालं की घरांखाली ओंडके घालायचे, घोड्यांच्या जोड्यांमागून जोड्या जुंपायच्या, आणि घरंच्या घरं बर्फावरून ओढत न्यायची. आज आपण ज्या चर्चमध्ये प्रार्थना करतो, ते असंच घसरत इथं आलेलं आहे. त्याचा मनोरा किंचित डावीकडे कललेला आहे, तो त्या प्रवासामुळेच.

सगळं गाव तयार झालं. सिग्ने मात्र नाही.

हाल्वोर म्हणाला, "सिग्ने, गाव चाललंय."

"जाऊ दे."

"दुकान गेल्यावर इथं खायचं काय?"

"जमीन आहे ना. तुझ्याच नावावर आहे, विसरलास?"

"अगं, सात मैल म्हणजे काय समुद्रापार आहे का? दर रविवारी येऊ की इंगाला भेटायला."

यावर सिग्ने म्हणाली, "बोटीवर चढताना माझ्या आईलाही तू हेच सांगितलं होतंस. म्हणालास, दर दोन वर्षांनी येऊ."

तिची आई तिला पुन्हा कधी दिसली नाही.

त्याला वाटलं, घर हललं की ही हलेल. त्या दिवशी सकाळी घोडे जुंपले, तेव्हा सिग्नेनं शेजारणींच्या मदतीनं आपली लोखंडी चूल बाहेर काढली. घरापासून थोड्या अंतरावर, उघड्या बर्फात ती मांडली. चूल पेटवली, कॉफीचं आधण ठेवलं, खुर्ची घेतली आणि इंगानंतर झालेल्या मुलाला, एनारला, शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. मुकादमानं हाल्वोरला विचारलं, "थांबू का?" हाल्वोरनं तिच्याकडे पाहिलं. ती कॉफी ढवळत होती. तो म्हणाला, "चालू दे."

घर कुरकुरलं आणि निघालं. घराबरोबर हाल्वोर चालत गेला, सारखा मागे वळून बघत. जिथं घर होतं तिथं काळ्या मातीचा एक चौकोन उरला, आणि त्याच्या शेजारी चुलीपाशी बसलेली ही बाई.

संध्याकाळी हाल्वोर घसरगाडीवर फळ्या आणि खिळे लादून परत आला. चूल जिथं होती तिथंच ठेवून त्यानं तिच्याभोवती एक खोली उभी केली. ऑर्विलच्या स्वयंपाकघरात तुमच्यापैकी बहुतेकांनी कॉफी घेतली असेल. ती हीच खोली.

पुढचं तुम्हाला थोडंफार ठाऊक आहे. हाल्वोर आठवडाभर वेक्सलीला दुकानात राहायचा. शनिवारी संध्याकाळी नॉर्डालला जायचा आणि सोमवारी पहाटे परतायचा. सिग्ने शेत करायची, गाई राखायची, दफनभूमीचं कुंपण नीट ठेवायची. गावानं हाल्वोरचं नाव ठेवलं 'शनिवारचा नवरा'. तो हसायचा आणि मीठ-साखर तोलत राहायचा. त्याला वाटायचं, या हिवाळ्यानंतर ती येईल. तिला वाटायचं, या सुगीनंतर तो येईल. अशा सुग्या आणि असे हिवाळे येत गेले. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. भांडण असतं तर कुणीतरी मिटवलं तरी असतं!

मग ती धुळीची वर्षं आली. पाऊस नाही, पीक नाही, भर दुपारी दिवे लावावे लागत होते. लोक गाड्या भरून उत्तरेकडे निघून गेले. दुकानात गिऱ्हाईक उरलं नाही. एके दिवशी सिग्ने खिडकीच्या फटीत ओल्या चिंध्या कोंबत होती, तेव्हा दारात हाल्वोर उभा.

ती म्हणाली, "आज मंगळवार आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"दुकान बंद केलं."

सिग्नेनं त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "हात धू. धूळ फार आहे." आणि टेबलावर दुसरी ताटली मांडली.

त्यानंतर तो कुठे गेला नाही. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी वारला. इंगाच्या शेजारी आहे तो.

आता त्यांच्या मुलाबद्दल, म्हणजे ऑर्विलच्या वडिलांबद्दल, एनारबद्दल, बोलल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. आईचा हट्ट आणि बापाचं गोड बोलणं, दोन्ही त्याच्यात उतरलं होतं. तो पंचायतीत निवडून आला आणि पहिला ठराव त्यानं मांडला, नॉर्डाल ते वेक्सली पक्का खडीचा रस्ता करण्याचा. एक सभासद उठून म्हणाला, "एनार, तुझा बाप तर शेवटी घरी राहायला आला होता. आता रस्ता कुणासाठी?" एनार शांतपणे म्हणाला, "आमच्या घराण्याचा भरवसा नाही. पुन्हा कुणी भांडलं तर?" ठराव हशात मंजूर झाला. नकाशावर त्या रस्त्याला नुसता क्रमांक आहे. पण आपले म्हातारे त्याला 'लग्नाचा रस्ता' का म्हणत, हे तरुण मंडळींना आता समजलं असेल.

मी आणि डोरीन एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या रस्त्यावर आलो. ती ओस्ट्रेमांकडे, मी शेजारी डायचुकांकडे. सिग्ने आजी तेव्हा खूप थकली होती, पण जीभ शाबूत होती. नाताळाच्या आधी ती आम्हा दोघींना लेफ्से शिकवायला बसायची. लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. दिसते सोपी आणि फाटते भराभर. माझी पहिली पोळी पाहून आजी म्हणाली, "बाई गं, गोल लाट म्हटलं होतं. तू तर सस्कॅचवान प्रांत लाटलास, चारी कोपऱ्यांसकट!"

त्या दिवशी डोरीननं धीर करून विचारलं, "आजी, तुम्ही बर्फात चूल मांडून बसलात, ते खरं?"

"खरं."

"केवढ्या खंबीर तुम्ही!"

आजीनं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, "सगळे मला खंबीर म्हणतात. पोरीला एकटी टाकून गेले नाही, हे खरं. पण इंगा कुठे जाणार होती, पोरींनो? ती होती तिथंच राहणार होती. हाल्वोर मात्र रोज थोडा थोडा म्हातारा होत होता, आणि मला तो फक्त शनिवारी दिसायचा."

डोरीन हळूच म्हणाली, "मग पश्चात्ताप होतो का?"

आजी म्हणाली, "तीच सकाळ पुन्हा आली तर मी पुन्हा तिथंच बसेन. त्यानं मला समजावलं, विनवलं, तो माझ्यावर रागावला. पण रडला नाही. रडला असता तर मी उठले असते. आता मी तरी कुठे रडले म्हणा. चल, पीठ घे. कोरडं पडतंय."

बंधू-भगिनींनो, हे बोलणं मी पन्नास वर्षं मनात बाळगून आहे. आपण माळावरची माणसं सोसण्याला फार मान देतो. जो सोसतो तो मोठा, जो जागा सोडत नाही तो आणखी मोठा. अशा माणसांच्या नावानं आपण फलक लावतो. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्या फलकावर शनिवारची वाट पाहणं कुठे लिहितात?

फलकावरून आठवलं. गावाच्या शताब्दीला नॉर्डालच्या दफनभूमीपाशी फलक लावायचा होता. त्यावर 'या भूमीवरचे पहिले रहिवासी' असं लिहिलं होतं. ऑर्विलनं ते शब्द काढायला लावले. म्हणाला, "माझे आजी-आजोबा ज्या पायवाटेनं इथं आले, ती वाट चालून चालून कुणीतरी आधीच पाडलेली होती." आज ते 'कुणीतरी'ही आपल्या या सभागृहात सन्मानानं बसले आहेत, याचा मला आनंद आहे.

तर ऑर्विल. हा माणूस किती कमी बोलतो, हे तुम्हाला माहीत आहेच. आपल्या डोळ्यांदेखत धान्याची उंच कोठारं पाडली गेली, शाळा बंद झाली, दवाखाना बंद झाला. ज्या रेल्वेसाठी नॉर्डाल मोडलं, तिचे रूळही एक दिवस उचलून नेले. प्रत्येक वेळी आपण इथं सभा भरवली, प्रत्येक वेळी कडकडून भाषणं झाली, आणि प्रत्येक वेळी ऑर्विल मागच्या रांगेतून एकच वाक्य बोलला, "आम्ही आहोत." एवढंच. आणि आपल्याला बरं वाटायचं.

मग डोरीनची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस शहरात जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं. घरी मशीन बसवावं म्हटलं, तर आपल्या विहिरींचं खारट पाणी त्याला चालेना. ऑर्विल तिला घेऊन जायचा. पहाटे निघायचं, अडीच तास जायला, चार तास मशीन, अडीच तास यायला. सुगी असो, वासरं जन्मायचे दिवस असोत. आणि डोरीन? बर्फावरून दगड सरकवणाऱ्या आपल्या महिला कर्लिंग संघाची कर्णधार. ती परत आल्यावर मोटारीतूनच मला फोन करायची, "नेटी, आज त्यांनी मला धुऊन वाळत घातलंय. उद्या खेळायला येते."

गेल्या जानेवारीत हिमवादळात त्यांची मोटार रस्ता सोडून खड्ड्यात गेली. माझा मुलगा पीटर ट्रॅक्टर घेऊन गेला, तेव्हा ऑर्विलनं आपला कोट काढून डोरीनच्या पायांभोवती गुंडाळला होता, आणि त्याला स्वतःला धड बोलता येत नव्हतं.

टॅमी धावत आली. म्हणाली, "आई, बाबा, आता पुरे. शहरात चला."

डोरीन म्हणाली, "मी ओस्ट्रेमांची सून आहे. या जागेवरून ओस्ट्रेम उठला तर माझ्यामुळे उठला, असं मी होऊ देणार नाही. त्यापेक्षा मी ते मशीन सोडते."

मशीन सोडणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं, ऑर्विललाही माहीत होतं.

आठवड्यानं एका दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपी हातात फिरवत होता. म्हणाला, "नेटी, आजीनं केलं ते बरोबर होतं का गं?"

मी त्याला आजीचं बोलणं सांगितलं. इंगा, शनिवार, रडणं, सगळं. एवढी वर्षं डोरीननं त्याला ते कधी सांगितलं नव्हतं. घराण्याची लाज राखावी म्हणून असेल. त्यानं ऐकलं, कॉफी संपवली, कप धुऊन ठेवला आणि गेला.

यापुढचं मला डोरीननं सांगितलं. काही दिवसांनी जेवताना ऑर्विल म्हणाला, "मी शहरात घर भाड्यानं घेतलंय. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. तुला इथं राहायचं तर राहा. मी शनिवारी येत जाईन."

डोरीननं काटा खाली ठेवला. "तिथं खाशील काय?"

"अंडी."

"ऑर्विल, तुला अंडं उकडता येत नाही. गेल्या खेपेला भांडं जाळलंस."

"मग जळकी अंडी खाईन."

डोरीन हसायला लागली. इतकी हसली, की खुर्चीला धरून बसावं लागलं. आणि हसता हसता तिनं वर पाहिलं, तर ऑर्विल रडत होता. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, त्याला रडताना तिनं पहिल्यांदा पाहिलं. तिनं उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बरं. कधी निघायचं?"

मंडळी, हे एवढंच घडलं. शेती परवडली नाही म्हणून नव्हे, मुलीनं हट्ट केला म्हणूनही नव्हे. शेतं यापुढे पीटर करील. दफनभूमीचं गवत कापायचं काम चर्चच्या मंडळींनी वाटून घेतलंय, ऑर्विलनं त्यांना यंत्र कसं चालवायचं ते इतक्या वेळा समजावलं, की काल रेव्हरंड बाई मला म्हणाल्या, "एवढा उपदेश तर मी रविवारीही करत नाही."

कुणी म्हणेल, शेवटी ओस्ट्रेमांनी जागा सोडली. मी म्हणते, म्हणू देत. घराणं म्हणजे काय? जमिनीचा तुकडा, की एकमेकांसाठी मांडलेली ताटली? मला याचं उत्तर ठामपणे देता येत नाही. मी स्वतः अजून त्याच रस्त्यावर राहते, आणि उद्या त्यांच्या खिडकीत दिवा दिसणार नाही तेव्हा मी काय करीन, मला माहीत नाही. पण डोरीन या हिवाळ्यात जिवंत असणार आहे. हे मला शंभर फलकांपेक्षा मोठं वाटतं.

एक व्यवहाराची गोष्ट. सोमवार, बुधवार, शुक्रवार डोरीन मशीनवर असते. बाकीचे दिवस मोकळी. भेटायला जाल तर आधी कळवू नका, नाहीतर ती स्वयंपाकाला लागेल. आणि संघाला नवी कर्णधार मिळेपर्यंत आपण हरणार आहोत, हेही समजून घ्या.

आता आभार. हे सभागृह उपलब्ध करून दिल्याबद्दल नगरपालिकेचे, सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या तरुणांचे, बेरीच्या गोड पाई भाजून आणणाऱ्या सर्व घरांचे, आणि एवढा वेळ न खोकता बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. माझ्या बोलण्यात एखादं नाव राहिलं असेल, एखादी गोष्ट मागेपुढे झाली असेल, कुणाला काही लागलं असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घालावं. डोरीन आत्ताच दोनदा नकारार्थी मान हलवताना दिसली. तिच्या दुरुस्त्या मी जेवताना ऐकून घेईन.

आता ऑर्विल दोन शब्द बोलणार आहे. या सभागृहात आजवर तो कधीच व्यासपीठावरून बोललेला नाही. माझी एकच विनंती आहे. तो उभा राहिला आणि त्याला पटकन शब्द सापडले नाहीत, तर दया येऊन टाळ्या वाजवू नका. त्याला खाली बसायला लावू नका. गप्प बसा आणि थांबा. त्याला बोलायचं आहे.

ये, ऑर्विल.